उद्यानातला दीड तास

यांची बायपास होऊन सहा महिने झाले होते. छातीवरची जखम भरली, पण माणूस गप्प झाला. सकाळी खिडकीपाशी खुर्ची टाकून बसायचे ते थेट जेवायलाच उठायचे. मी विचारायची, गोळी घेतली का, दम लागतोय का, पोट साफ झालं का. उत्तर एकच, "हूं." मनात काय चाललंय, ताकास तूर लागू देत नव्हते. डॉक्टर म्हणाले, "हृदय ठीक आहे, आता मन सांभाळा." सांभाळणार कोण, ते काही त्यांनी सांगितलं नाही.

मग चेन्नईच्या लेकीने उंटावरून शेळ्या हाकल्या. इथं तंजावूरच्या उद्यानात रविवारी सकाळी झाडापाखरांची ओळख करून देत माणसांना फिरवतात, त्याने म्हणे मनाला उभारी येते. तिनं मोबाइलवरून आमची दोघांची नावं घालून टाकली, मला न विचारता. रविवारी सकाळी मला कामं नसतात असा तिचा समज असावा.

फिरवणारी मुलगी कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवणारी, तिशीची, गळ्यात दुर्बीण. मला ती पाहताक्षणी आवडली नाही. आम्ही दहा-बारा जण होतो. "हळू चाला, बोलू नका, नुसतं ऐका," ती तमिळमध्ये म्हणाली. काय ऐका, कपाळ! कुंपणापलीकडून टाउन बस भोंगे वाजवत जात होत्या. बेलाचं पान चुरगळून वास घ्यायला लावला. आमच्या देव्हाऱ्यात दर सोमवारी बेल असतो, तेव्हा यांनी कधी नाक पुढं केलं नाही. इथं मात्र डोळे मिटून हुंगत राहिले.

चढाच्या वाटेवर मी हळूच विचारायला गेले, "दम लाग..." तेवढ्यात त्या मुलीने वळून ओठांवर बोट ठेवलं. साठीच्या बाईला, चारचौघांत! मी तिच्याकडे असं पाहिलं की दुसरी कुणी असती तर नोकरी सोडून गेली असती. ती हसली आणि यांना सुतारपक्षी दाखवायला घेऊन गेली.

शेवटी तिनं सगळ्यांना गोल बसवलं. प्रत्येकाने काय वाटलं ते एका वाक्यात सांगायचं. कुणाला शांत वाटलं, बँकेतल्या एका बाईंना तर रडूच आलं. काय ही नाटकं, मी मनात म्हटलं. यांची पाळी आली तेव्हा "हे बोलत नाहीत" असं सांगायला मी तोंड उघडलं, तेवढ्यात हेच बोलले. तमिळमध्ये, स्वच्छ आवाजात.

"दीड तास मला कुणी काही विचारलं नाही. बरं वाटलं."

सगळ्यांनी माना डोलावल्या. त्या मुलीचा चेहरा फुलला. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. सहा महिने पथ्याचं रांधलं, पाठ चोळली, रात्री उठून श्वास चालू आहे ना ते पाहिलं मी, आणि ही बया आयत्या बिळावर नागोबा! घरी भांडी जरा जोरातच आपटली. यांनी एक डोसा जास्त मागून घेतला, त्याने तर माझा संताप आणखी वाढला. म्हणजे गुण आला होता, आणि तो माझ्यामुळे नव्हता.

पुढच्या रविवारी हे माझ्याआधी उठून, तयार होऊन दाराशी उभे. "जा तुम्हीच," मी म्हटलं. "विचारणारं कुणी नको ना बरोबर?" हे चपला घालून गेले. मी चुलीवर काही ठेवलं नाही, केर काढला नाही. भिंतीला टेकून बसून राहिले आणि त्या मुलीला मनातल्या मनात शिव्या दिल्या.

नऊच्या सुमाराला हे परत आले. चेहऱ्यावर घाम होता, रंगही होता. गोळी घेतली का, हे अगदी जिभेवर आलं होतं, ते मी गिळलं. यांनी चपला काढल्या, थंड चुलीकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं आणि आपल्या घरच्या, जुन्या तंजावरी मराठीत विचारलं, "तूं कां आली नाहींस? तुला बरं नाहीं कां?"

झणझणीत उत्तर तयार होतं माझ्याकडे. तोंड उघडलं आणि रडूच कोसळलं. बरं नव्हतंच मला, कितीतरी दिवसांपासून. कुणी विचारलं नव्हतं.