खालचा नळ

अमळनेरच्या तेलगिरणीत बाई हिशेब खात्याच्या नव्या मॅनेजर होत्या. मी ऑडिटवाल्यांचा कारकून. दरवर्षी मार्चअखेरीस टाकीत वरून काठी सोडायची आणि तेल कुठवर लागलं ते लिहायचं. शेठ तर कर्जासाठी बँकेला 'टाकी भरलेली' असं कळवून मोकळे झाले होते.

बाईंनी पदर खोचला. "खालचा नळ उघडा."

मुकादम चुळबुळला. "अक्का, बठ्ठा वरतूनच मोजतस."

"सगळे वरून मोजतात, मग खाली नळ कशाला बसवलाय, भाऊ?"

नळातून पाणी आलं. दुसरी बादली भरली, तरी पाणीच. तेल वर नुसतं तरंगत होतं.

बाई ओरडल्या नाहीत. मागच्या वर्षीची साठ्याची यादी काढून त्यांनी सहीतलं माझं नाव सावकाश, मोठ्याने वाचलं आणि कोरा कागद माझ्यापुढे धरला. "यंदाचा साठा तुम्हीच लिहा."

त्यांचं नाव आज आठवत नाही. माझं त्यांनी कसं वाचलं, ते आठवतं.