ग्वोज्देनचा उपास

ग्वोज्देन म्हणजे लोखंड. बापानं हे नाव पुढचा विचार करूनच ठेवलं, अशी ग्वोज्देनची पक्की खात्री होती. उभी हयात त्यानं मोरावा नदीकाठच्या खड्ड्यांतून बस हाकली, आणि इंजिनापेक्षा त्याचाच आवाज मोठा. पन्नाशीनंतर मधुमेह निघाला, तेव्हा साखरेची गोळी त्यानं डॉक्टरवर उपकार केल्यासारखी सुरू केली. पण परवा डॉक्टर ल्युबिंकानं रक्तातल्या चरबीसाठी आणखी एक गोळी लिहून दिली, तिथे स्वारी अडून बसली.

"पोरी, तुझ्या बापाला शाळेत मी नेऊन सोडलंय. माझी छाती एकदा तरी दुखली का, विचार हिला."

हिला म्हणजे स्तामेनाला, त्याच्या बायकोला. ती काही बोलायच्या आत ल्युबिंकाच म्हणाली, "काका, मधुमेहात तीच तर गोम आहे. साखर आणि चरबी मिळून हृदयाच्या नळ्या बुजवत नेतात, आणि दुखायचं तेव्हा कधीकधी दुखतही नाही."

ग्वोज्देनचा थोरला भाऊ मिलुन, तोही मधुमेहीच, असाच गेला होता. टेबलाशी सूपची वाट बघत बसला होता. त्याची बायको विदोसावा वाडगा घेऊन आली, तोवर कारभार आटोपलेला. ना हूं, ना चूं.

ग्वोज्देननं आपला तोडगा काढला. ईस्टरआधीचा मोठा उपास तोंडावर आला होता. सात आठवडे मांस नाही, दूध नाही, चीज नाही, अंडं नाही. मग चरबी येणार कुठून? "उपासाच्या शेवटी रक्त तपास. चरबी उतरली तर गोळीचं नाव काढायचं नाही. नाही उतरली तर जन्मभर मुकाट घेईन. मर्दाचा शब्द!"

"काका, पाव, मुरंबा, दारू, यांचीही रक्तात चरबीच होते हं," ल्युबिंकानं बजावलं. पण तोवर मर्द दाराबाहेर पोचला होता.

'एकादशी आणि दुप्पट खाशी' ही म्हण ज्यानं केली, त्यानं ग्वोज्देनला पाहिलं नव्हतं. नाहीतर तो दुप्पटवर थांबला नसता. सकाळी अर्धा पाव आणि त्यावर आलुबुखाराचा मुरंबा, बोटभर जाड. दुपारी भाजलेला घेवडा, बटाटे आणि उरलेला अर्धा पाव. वर तिळाचा हलवा. संध्याकाळी राकियाचे, म्हणजे फळांच्या कडक दारूचे, प्याले. स्तामेना काही बोलली की तो ताट पुढे सरकवायचा. "यात प्राणी कुठे आहे, दाखव मला!"

दोन-चारदा बोलून ती गप्प बसली. हरल्याशिवाय हा माणूस काही शिकत नाही, हे तिला लग्नापासून ठाऊक होतं. हरू दे, ती मनात म्हणायची. आणि लगेच जीव खालीवर व्हायचा, की हरण्याआधीच काही झालं तर? मग स्वयंपाकघरातून ती हाक मारायची.

"ग्वोज्देन!"

"काय?"

"काही नाही."

बायकोला आता वेड लागलं, असं ग्वोज्देन शेजाऱ्यापाजाऱ्यांना सांगू लागला.

उपास संपता संपता रक्त तपासलं. आकडे आधीपेक्षा चढलेले. ल्युबिंकानं काचेची नळीच त्याच्यासमोर धरली. खाली लाल रक्त, वर चरबीचा थर, दुधासारखा पांढरा.

"दूध?" ग्वोज्देन कडाडला. "सात आठवडे मी दुधाला शिवलो नाही! हे रक्त माझं नाहीच. बाहेर बसलेत त्या पाद्रीबाबांचं असणार!"

दार उघडंच होतं. बाहेरच्या बाकावरून पाद्रीबाबांचा आवाज आला, "माझ्यावर ढकलू नकोस. माझं रक्त कालच तपासलं. गोळी खिशात घेऊन बसलोय."

घरी येताना ग्वोज्देननं प्रयोगशाळेला, हलवा करणाऱ्याला आणि सरकारला यथास्थित शिव्या घातल्या. जेवण झाल्यावर स्तामेनानं त्याच्यासमोर पाण्याचा पेला ठेवला आणि गोळी ठेवली.

"किती दिवस घ्यायची ही?" त्यानं घुश्शात विचारलं.

"मी मरेपर्यंत."

"तुझ्या मरणाचा माझ्या गोळीशी काय संबंध?"

"आधी मी जाणार म्हणून." स्तामेना त्याच्यासमोर बसली. "विदोसावाला रोज बघते मी. मला तसं जगायचं नाही. मला भीती वाटते रे, ग्वोज्देन. ताट मांडायचं, आणि पलीकडे कुणी नाही. मी गेले की खुशाल हलवा खा, पिंपभर राकिया पी, कोण विचारतंय तुला! पण तोवर नाही. तोवर मरायचं नाहीस तू."

बसमध्ये कुणालाही शेवटचा शब्द बोलू न देणाऱ्या ग्वोज्देननं पेला जवळ ओढला. मग त्यानं गोळी तोंडात टाकली आणि पाणी प्याला.

"उद्याचीही काढून ठेव," तो म्हणाला.