गुरुवार आणि लेझर

आमच्या भोसरी पट्ट्यात कंपन्यांना सुट्टी गुरुवारी असते आणि शाळांना रविवारी. बाहेरगावच्या पाहुण्यांना हे विचित्र वाटतं. आम्हा नवराबायकोला मात्र ही सरकारची मोठी कृपा वाटायची. बाकीचे सहा दिवस शिफ्टचे. हे रात्रपाळी करून दारात यायचे तेव्हा मी डबा घेऊन निघालेली असायची, आणि मी परत यायची तेव्हा यांची निघायची घाई चाललेली असायची. दिघीला दोन खोल्या होत्या, दोन पोरं होती आणि मधे एक पडदा. पण गुरुवारी पोरं शाळेत गेली की दहा ते साडेबारा घर फक्त आमचं असायचं.

त्या वेळात आमच्या गल्लीत कुणी कुणाकडे विरजण मागायला जात नसे. एकदा एक नवीन भाडेकरीण आली. तिच्या नवऱ्याला रविवारची सुट्टी, तिला बिचारीला काय माहीत? तिने एका गुरुवारी अकरा वाजता ओळीने सहा दारं वाजवली. एकही उघडलं नाही, तेव्हा गल्लीत कुणीतरी वारलं असावं असं तिला वाटलं. पुढे वर्षभर आम्ही तिला त्यावरून छळलं.

अशी आमची वीसेक वर्षं गेली. दिघी सोडून आम्ही पिंपळे गुरवला फ्लॅट घेतला, मुलीचं लग्न झालं. मुलगा हिंजवडीला नोकरीला लागला आणि बहुतेक तिथल्या ट्रॅफिकमध्येच राहायला लागला. आता गुरुवारी अख्खा दिवस घर मोकळं, आणि नेमकी तेव्हाच माझी पाळी गेली.

सुटले बाई एकदाची, असं आधी वाटलं. पण दोन-चार महिन्यांत जवळ येणं दुखायला लागलं. एखाद्या दिवशी होतं म्हणून सोडून दिलं, तर पुढच्या वेळी जास्त दुखलं आणि नंतर दोन दिवस लघवीला आग. आत सगळं कोरडं पडल्यासारखं झालं होतं. शिवाय शिंकलं, खोकलं की थेंब सुटायचे. ते तर मुलाच्या बाळंतपणापासूनचं, त्याची मी तक्रार करणंच सोडलं होतं. कंपनीत मी इन्स्पेक्शनला आहे, दिवसभर उभं राहून पार्ट तपासायचे. लॉकरमध्ये एक जादा परकर कायम ठेवलेला असायचा.

यांना सांगायला मला तोंड नव्हतं. दुखतं म्हणावं तर हा माणूस घाबरून पुन्हा हातही लावणार नाही, हे मला पक्कं माहीत होतं. नको म्हणावं तर यांना वाटेल मन उडालं. मग मी एक पळवाट काढली. म्हटलं, "मी गुरुवार धरलेत." उपासाच्या दिवशी सोवळं पाळायचं असतं, त्यावर कोण काय बोलणार?

पुढच्या गुरुवारी मी साबुदाणा भिजवायला घेतला तर हे मागून म्हणाले, "माझाबी टाक." मटणाशिवाय ज्यांची सुट्टी होत नव्हती ते गृहस्थ माझ्यासमोर बसून वऱ्याचे तांदूळ जेवायला लागले. आम्ही दोघंही लातूरकडचे, आमच्याकडे उपासाचं एवढं कौतुक कधीच नव्हतं. मला त्यांची दयाही यायची आणि रागही यायचा. हा माणूस भांडत का नाही, असं वाटायचं.

तेवढ्यात मुलगी बाळंतपणाला आली. बाळ तीन महिन्यांचं असताना एके दिवशी मी मिरच्यांची फोडणी दिली आणि घरभर ठसका उठला. मी खोकता खोकता ओटा धरला आणि पाय एकावर एक आवळून उभी राहिले. वळून बघते तर मुलगी दाराची चौकट धरून अगदी तशीच उभी. एका क्षणात दोघींना सगळं कळलं. आम्हाला असं काही हसू फुटलं, आणि हसणं तर खोकल्यापेक्षाही वाईट. शेवटी आधी बाथरूममध्ये कुणी जायचं यावरून मायलेकींची झटापट झाली.

तिने मला मोबाइलवर एक जाहिरात दाखवली. लेझरच्या तीन सिटिंगमध्ये बाळंतपणाच्या आधीसारखं, म्हातारपणीसुद्धा तारुण्य, असं बरंच काही. जाहिरातीतली बाई मात्र पंचविशीची होती आणि तिने आयुष्यात फोडणी दिली असेल असं वाटत नव्हतं. मुलगी म्हणाली, "आई, तू चल माझ्याबरोबर. मी माझं सांगते, तू तुझं सांग." तिच्या बाळंतपणाच्या डॉक्टरीणबाईंकडे आम्ही दोघी आणि बाळ असे तिघं गेलो.

डॉक्टरीणबाई माझ्याच वयाच्या. जाहिरात बघून त्यांनी चष्मा कपाळावर ढकलला. मुलीला म्हणाल्या, "अंगावर पाजतेस तोवर थोडं कोरडं राहायचंच. लेझरबिझर काही नाही, व्यायाम कर." लघवी रोखताना जे स्नायू आवळतो ते आवळून धरायचे आणि हळूहळू सोडायचे, एवढाच तो व्यायाम. मग आम्ही दोघी संध्याकाळी सिरीयल बघता बघता तो करायचो. मधेच आम्ही दोघी गप्प झालो की हे विचारायचे, "काय झालं?" आम्ही म्हणायचो, "काही नाही, तुम्ही बघा."

माझं दुखणं ऐकून मला आत लावायचं क्रीम दिलं. तीन महिन्यांनी या म्हणाल्या. लेझरचं मी विचारलं तर म्हणाल्या, "ते नंतर बघू. काहींना फरक पडतो, काहींना पडत नाही. मी खोटं कशाला सांगू?"

मुलगी सासरी गेली. क्रीमने आग थांबली, पण दुखणं काही पुरतं गेलं नाही. गुरुवार मी चालूच ठेवले. मग यांनी सुट्टीच्या दिवशीच्या ओव्हरटाइमला नाव दिलं. दर गुरुवारी सकाळी डबा घेऊन जायला लागले. पहिल्या गुरुवारी मला सुटल्यासारखं वाटलं. दुसऱ्या गुरुवारी मी एकटी खिचडीची ताटली घेऊन बसले आणि तशीच झाकून ठेवली. ज्या माणसाला गमावायची भीती म्हणून एवढी लपवाछपवी केली, तो माणूस मीच घराबाहेर घालवला होता.

तीन महिने झाले तेव्हा डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आता हवं तर लेझर करून बघू. पण मिस्टरांना घेऊन या, दोघांना मिळून सांगते." म्हणजे आता सांगणं भागच होतं.

त्या गुरुवारी हे चार वाजता आले. मी चहा पुढे ठेवला आणि भिंतीकडे बघत सगळं सांगून टाकलं. दुखतं कधीपासून, आग, थेंब, परकर, सगळं. शेवटी म्हटलं, "आणि ते गुरुवार खोटे होते."

"मला ठाव होतं," हे म्हणाले.

मी वळून बघितलं.

"लेक आली होती तवा तिच्या वरणाचं मीठ चाखलंस की तू. गुरुवार होता. मी मागंच उभा होतो."

"मग तुम्ही कशाला उपाशी राहत होता?"

बशीतला चहा फुंकत म्हणाले, "उपास खोटा असंल. तू तर खरीच उपाशी राहायलीस ना. मी एकटा कसा जेवू?" मग जरा थांबून म्हणाले, "मला वाटलं मी नकोसा झालो. म्हणून नाव दिलं ओव्हरटाइमला. तुला घरात तरी मोकळं वाटावं."

तीस वर्षांच्या संसारात मला या माणसाचा एवढा राग कधी आला नव्हता आणि एवढी मायाही कधी आली नव्हती. मी म्हटलं, "डॉक्टरीणबाईंनी बोलावलंय. लेझर करायचंय."

यांच्या हातातली बशी तशीच राहिली. इथे सांगायला हवं की आमचे हे भोसरीच्या एका वर्कशॉपमध्ये लेझर कटिंगच्या मशीनवर आहेत. दहा एमएमची शीट ते मशीन पापडासारखी कापतं. आमच्या इथे लेझर म्हटलं की सगळ्यांच्या डोळ्यांसमोर तेच येतं, ठिणग्या आणि खाली पडणारा स्क्रॅप.

"कुठं?" यांनी विचारलं, आणि मी नजरेनेच सांगितल्यावर म्हणाले, "न्हाई. अजिबात न्हाई. मी रोज बघतो ते काय करतं."

तरी दवाखान्यात आले. येताना कामावरचा सेफ्टी गॉगल पिशवीत घालून आणला होता, माझ्यासाठी. केबिनमध्ये बसल्या बसल्या विचारलं, "मॅडम, पॉवर किती आपल्या मशीनची?"

डॉक्टरीणबाईंना हा प्रश्न पहिल्यांदाच आला असणार. त्यांनी सांगितलं, "तीस-चाळीस वॅट."

"आमचं सहा हजारचं आहे."

"मग आमचं तुमच्या पासंगालाही पुरणार नाही. हे कापत नाही, ठिपक्याठिपक्यांनी वरचा पातळ थर शेकतं. त्यातून नवी कातडी धरावी, थोडा ओलावा यावा, अशी अपेक्षा."

"म्हणजे मार्किंगचं सेटिंग, नुसती वरवर खूण उठवायची," हे म्हणाले आणि यांचे खांदे जरा खाली आले. "आमच्यात जॉब लावायच्या आधी ट्रायल पीस काढतात. तुमच्यात?"

"ट्रायल झाल्यात, पण निकाल सगळीकडे सारखे नाहीत. काही ठिकाणी फारसा फरक दिसलेलाच नाही. भाजणं, दुखणं वाढणं, असंही क्वचित होतं. गॅरंटी मी देणार नाही."

बाहेरच्या जाहिरातींपेक्षा हे उत्तर यांना आवडलेलं दिसलं. पण खुर्चीत पुढे सरकून यांनी मलाच विचारलं, डॉक्टरीणबाईंसमोर, "हे तू माझ्यासाठी करायलीस का? माझ्यासाठी असंल तर नको. आपलं काही अडत न्हाई."

इतक्या वर्षांत जवळ यायचं ते यांनीच, विचारायचं ते यांनीच. मी फार तर नाही म्हणायचं नाही, एवढीच माझी भाषा. मी मान खाली घालून म्हटलं, "माझ्यासाठी आहे. मला हवंय." यांचे कान लाल झाले. डॉक्टरीणबाई मुद्दाम ड्रॉवरमध्ये काहीतरी शोधायला लागल्या.

तीन सिटिंग झाली, महिन्या-महिन्याच्या अंतराने. गॉगल त्यांच्याकडचाच होता, तरी यांनी आपला काचेवर फुंकर मारून नर्सच्या हातात दिलाच. आत कोमट चटके बसल्यासारखं वाटलं, दोन-तीन दिवस अंगावरून पाणी गेलं, बाकी काही नाही. तारुण्यबिरुण्य काही परत आलं नाही. क्रीम अजून लावते. थेंब कमी झालेत, पण ते लेझरने की सिरीयलसमोरच्या व्यायामाने, हे डॉक्टरीणबाईंनाही सांगता येत नाही. यांनी मधे कधी विषयही काढला नाही. ओव्हरटाइमच्या यादीतून नाव मात्र तेव्हाच काढून आले होते.

शेवटच्या सिटिंगनंतर पंधरा दिवसांनी, एका दुपारी मीच दाराला कडी घातली. हे बिचारे काचेचं भांडं उचलल्यासारखे जवळ आले आणि दर थोड्या वेळाने विचारायचे, "दुखायलंय का?" मी म्हणायची नाही. पुन्हा, "खरं सांग, दुखायलंय का?" चौथ्यांदा मी म्हटलं, "नाही दुखत. आता विचारलंत तर उठून जाईन." मग गप्प राहिले. आणि खरंच दुखलं नाही. मला रडू आलं. ते बघून यांनी पुन्हा विचारलंच.