घोरपडीला वाट करून देणाऱ्या इंदुताई

इंदुताईंची आणि माझी पहिली भेट माझ्या स्वयंपाकघरात झाली. त्या जमिनीवर बसलेल्या आणि मी उभी. इकडे उत्तरेत, आमच्या वृंदावन योजना वसाहतीत त्या नव्याने राहायला आल्या होत्या. विहाराच्या महिला मंडळात माझं नाव घालायचं म्हणून घरी आल्या आणि ओट्याखाली त्यांना माझा उंदरांचा चिकट पुठ्ठा दिसला. त्याला उंदराऐवजी पाल चिकटली होती. शेपूट तेवढं हलत होतं.

"वहिनी, तेल आहे का?" ताईंनी विचारलं.

"चहा ठेवते ना."

"चहा नको, तेल द्या."

मी सरसोंच्या तेलाची वाटी पुढे केली. ताईंनी कापसाच्या बोळ्याने पालीचा एकेक पाय तेलात भिजवून सोडवला. अर्धा तास गेला. नाव घालायचं राहिलंच. पाल सुटून खिडकीच्या फटीत शिरली तेव्हा मी म्हटलं, "आता ही परत माझ्याच ओट्यावर येणार."

"येणारच. तिला तुमची ओढ नाही हो, तुमच्या झुरळांची आहे. रात्रीची खरकटी भांडी घासून झोपा आणि ती फट बुजवा."

पहिल्याच भेटीत माझ्या घरात झुरळं आहेत म्हणून सांगणारी बाई मला आवडण्याचं कारण नव्हतं. आवडल्या नाहीतच. पण फट मी बुजवली. तो पुठ्ठा नंतर कधी आणला नाही.

ताईंच्या पंचाहत्तरीला त्यांचं मोठं काम त्यांच्या संस्थेतले लोक लिहितील. त्यांनी सापासरड्यांवर काय संशोधन केलं ते मला कळत नाही, चौथीच्या पुढे मी शाळा पाहिली नाही. मला कळतं ते आमच्या सेक्टरमधलं काम. आमची घरं झाली तिथे आधी शेतं होती, तळी होती. बरसात लागली की नाल्यातून घोरपडी वर येतात आणि उघड्या दारातून घरात शिरतात. इथले लोक घोरपडीला बिसखोपड़ा म्हणतात. नावातच विष. चावली की माणूस संपला, अशी सगळ्यांची खात्री. त्यामुळे घोरपड दिसली की लाठी, वीट, उकळतं पाणी, हाताला येईल ते. ताई निवृत्त झाल्यावर विश्रांती घेतील असं त्यांच्या घरच्यांना वाटलं होतं. त्या छत्री घेऊन गल्लीगल्लीत फिरू लागल्या. नाल्यांच्या तोंडाला जाळ्या बसवा, अंड्यांची टरफलं फाटकापाशी टाकू नका, दाराखालची फट बंद करा, एवढंच सांगायचं. लोक "हाँ हाँ, मैडम" म्हणायचे आणि टरफलं तिथेच टाकायचे. दुसऱ्या बरसातीत ताई पुन्हा तेच सांगायला जायच्या. मी एकदा विचारलं, "ताई, कंटाळा नाही येत?"

"येतो की," त्या म्हणाल्या. "पण मी कंटाळले म्हणून घोरपडी यायच्या थांबत नाहीत."

कुणी म्हणालं की पकडून गोमती नदीपार सोडून द्या, तर तेही त्यांना चालायचं नाही. अनोळखी जागी तिला ना बीळ ना शिकार, मरायला सोडल्यासारखंच ते. आली तशी तिची ती गेली पाहिजे. आपण फक्त वाट करून द्यायची आणि गप्प बसायचं. गप्प बसणं लोकांना सगळ्यात जड जातं. विहारात करुणेवर तासभर बोलणारे मी पुष्कळ ऐकले आहेत. तासभर गप्प बसून करुणा करणाऱ्या ताईच एक.

ते मी माझ्या घरात पाहिलं.

आमच्या यांच्या अंगावरून वारं गेलं त्याला तेव्हा तीन वर्षं झाली होती. उजवी बाजू लुळी. बोलणं म्हणाल तर "हो" आणि "अगं", बाकी डोळ्यांनी. मुलगा-सून नोकरीवर, नात कॉलेजात. दिवसभर मी आणि हे. दर दोन तासांनी कूस बदलायची, पेज भरवायची, चादर बदलायची. रात्री झोप लागते न लागते तोवर "अगं". मी हे कौतुकासाठी लिहीत नाही. पुढचं कळावं म्हणून लिहिते.

त्या दिवशी सकाळी अकराच्या सुमाराला मी पेज घेऊन खोलीत आले, तर मागच्या दारातून हातभर लांब घोरपड आत येऊन यांच्या पलंगाखाली शिरली. माझ्या हातातली वाटी पडली आणि मी ओरडले, "घोरपड! अहो, घोरपड!"

शेजारचे मिश्राजी मराठी काय समजणार? त्यांना ऐकू आलं, गिर पड़ी! अम्माजी गिर पड़ी! ते धावत आले, मागून मिश्राइन पाण्याचा लोटा आणि आयोडेक्स घेऊन. मी दारात धडधाकट उभी.

"अरे, आप तो खड़ी हैं! गिरा कौन?"

मी पलंगाखाली बोट दाखवलं. मिश्राजी वाकले आणि तसेच मागे सरकले. "बिसखोपड़ा! अम्माजी, काट लिया तो बाबूजी पानी नहीं माँगेंगे!" पाच मिनिटांत चार माणसं लाठ्या घेऊन अंगणात. पण पलंगावर माझा माणूस होता. त्यांना उचलायचं तर पलंगापाशी जायला हवं, आणि कुणी जाईना. लाठ्या खाली घालायच्या तर बिथरलेलं जनावर कुठे चढेल? हे माझ्याकडे बघत होते.

मी ताईंना फोन लावला. त्या आल्या, छत्री दारात ठेवली.

"भाईसाहब, इसमें ज़हर नहीं होता. काटेगी तो घाव होगा, डॉक्टर के पास जाएँगे. लाठी बाहर रखिए."

"मैडम, आप रिस्क ले रही हैं."

"और मारेंगे तो जेल जाएँगे. कानूनन बचाया हुआ जानवर है."

मिश्राजी सरकारी पेन्शनवाले. विषाला भ्याले नव्हते तेवढे जेलला भ्याले. लाठ्या भिंतीला टेकल्या.

मग ताई मला म्हणाल्या, "वहिनी, तुम्ही पण बाहेर."

"मी यांना सोडून जाणार नाही."

"तुमची चाहूल लागली तर ती हलणार नाही. मी बसते ना यांच्यापाशी."

लग्नाला पन्नास वर्षं झालेल्या माणसाला जनावरासोबत खोलीत ठेवून बाहेर जायचं. मी ताईंना वाटेल ते बोलले. तुमचा नवरा असता तर कळलं असतं, हेही बोलले. ताईंनी लग्न केलं नाही, हे मला माहीत असून बोलले. त्यांनी ऐकून घेतलं. पडदे ओढून खोली अंधारी केली, पलंगापासून मागच्या दारापर्यंत भिंतीला लागून उशा आणि ट्रंक लावून अरुंद गल्ली केली, कारण घोरपड भिंत सोडून चालत नाही. मागचं दार सताड उघडलं, तिकडची माणसं हटवली. मग पलंगावर पाय वर घेऊन यांच्या पायांपाशी बसल्या आणि आमच्या बाजूचं दार लावायला लावलं.

मी दाराबाहेर प्लास्टिकच्या खुर्चीत बसले, कान दाराला. आत काही ऐकू येईना.

डोळे उघडले तेव्हा उन्हं कलली होती. अंगावर चादर. मिश्राजी नाहीत, लाठ्या नाहीत. मी धडपडत आत गेले. यांची कूस बदललेली, चादर कोरडी, आणि ताई यांना पेज भरवत होत्या.

"घोरपड?"

"ती कधीच गेली. बारा वाजले नव्हते."

"मग मला उठवलं का नाही?"

"तुम्ही झोपला होतात," ताई म्हणाल्या. बस, तेवढंच.

मी जे बोलले होते त्याची माफी मागायला तोंड उघडलं. त्यांनी वाटी माझ्या हातात दिली आणि म्हणाल्या, "मीठ कमी आहे तुमच्या पेजेत."

तो गुरुवार होता. पुढच्या गुरुवारी ताई पुन्हा आल्या. मी म्हटलं, "आज कुठे घोरपड आली?" त्या म्हणाल्या, "बघून येते," आणि यांच्या खोलीत जाऊन बसल्या. तेव्हापासून दर गुरुवारी दुपारी येतात. यांना वर्तमानपत्र वाचून दाखवतात, कूस बदलतात. हे त्यांना "हो" म्हणतात. मी बाहेरच्या खोलीत आडवी होते. आम्ही दोघींनी यावर कधी बोलणं केलेलं नाही.

ताई आता पंचाहत्तर वर्षांच्या झाल्या. मंडळाच्या पोरी म्हणाल्या, आजी, दोन ओळी शुभेच्छा लिहा. तर ताई, गुडघ्यांची गोळी रोज घ्या. बरसातीत नाल्याच्या कडेने एकट्या जाऊ नका. शंभर वर्षं जगा, आणि ती चालत्या-फिरत्या जगा. यांचं आणि माझं किती उरलं आहे ते मी मोजत नाही. गुरुवारी दुपारी आमच्या दाराला कडी नसते. तुम्ही याल तेव्हा हाक मारू नका. मी झोपलेली असेन.