माझं थँक्यू राहिलंय

मुलुंडच्या आमच्या सोसायटीत वरच्या मजल्यावर राहणारा तो मुलगा कशाचंही उत्तर पटकन देत नाही. "जेवलास का रे?" विचारलं तरी आधी चष्मा वर सरकवतो, मग लिफ्टचं दार लागता लागता म्हणतो, "हो ना, काकू."

अशा माणसानं घरी बसून एकट्यानं बनवलं काय, तर दुकानदारांना आलेल्या मेसेजना आपोआप उत्तर देणारं टूल! परवा ते सुरू झालं. मी कौतुकानं त्याच्या पेजवर अभिनंदन लिहिलं. क्षणात उत्तर आलं, "धन्यवाद! आपला मेसेज आमच्यासाठी मोलाचा आहे." मला मेलं कसंसंच झालं.

थोड्या वेळानं बेल वाजली. दारात तो उभा, चष्मा वर सरकवत. मी घाई केली नाही.

"काकू, ते टूलनं पाठवलं. माझं थँक्यू राहिलंय."