प्लॅटिनमची तार

‘प्लॅटिनमविरहित’ हा शब्द दिसला की मी आजही पान उलटते. म्हैसूरच्या प्रयोगशाळेत आम्ही पाण्यातून वीज सोडून हायड्रोजन काढायचो. त्या कामाला प्लॅटिनमसारखा धातू नाही, पण तो परवडत नाही. म्हणून मी कार्बनच्या कापडावर मॉलिब्डेनम आणि गंधकाचा काळा थर चढवत होते. शिंप्याची मुलगी, त्यामुळे कापड तेवढं सरळ कापायचे.

माझा तुकडा वापरून वापरून सुधारत चालला. बुडबुडे रोज जास्त. माझे मार्गदर्शक सर खूश. ते पुण्याकडचे, माझ्या कन्नडमिश्रित मराठीला हसणारे, पण त्या आठवड्यात माझं सगळं मराठी त्यांना गोड लागलं. मला मात्र चैन पडेना. वापरून वस्तू झिजते, ही उजळते कशी? आम्ल घातलेल्या त्या पाण्यात समोरच्या टोकाला आम्ही सवयीने प्लॅटिनमची तार लावायचो. ती काढून मी ग्रॅफाइटची कांडी लावली, नवा तुकडा घेतला. बुडबुडे मेल्यासारखे. जुना तुकडा तपासणीला पाठवला, तर त्यात प्लॅटिनम निघालं. तार विरघळून माझ्याच कापडावर येऊन बसत होती.

सरांना सांगितलं. त्यांनी कॉफी संपवली.

“तार परत लाव. सगळे हीच लावतात, आपणच कशाला शहाणपणा करायचा?”

माझी फेलोशिप संपत आली होती आणि या कामावरच्या पेपराशिवाय प्रबंध उभा राहणार नव्हता. हे त्यांना ठाऊक होतं, म्हणूनच ते इतके शांत होते. त्या शांतपणाची किळस आली. मी पेपरातून माझं नाव काढायला लावलं. त्यांनी ते इतक्या चटकन काढलं की त्याचीही किळस आली. नव्या विषयावर मी पहिल्यापासून सुरुवात केली.

पेपर गाजला, विभागाने सरांचा सत्कार ठरवला. म्हैसुरात सत्कार म्हणजे डोक्यावर जरीचा पेटा, इकडचा तयार बांधलेला फेटा. माझे वडील, अप्पा, शिवणकामाच्या दुकानात असे पेटेही करायचे, म्हणून पेटा आणायचं माझ्याकडे आलं. मी निमूटपणे आणला, तबकात ठेवून पुढेही केला. अप्पा दुकान बंद करून, इस्त्रीचा शर्ट घालून आले होते. भाषणात सर ‘प्लॅटिनमविरहित’ म्हणाले की टाळ्या पडत होत्या.

बाहेर आल्यावर अप्पांनी विचारलं, “तुझं नाव का नाही वाचलं गे? मी काय सुम्मनेच, उगाच दुकान झाकून आलो?”

म्हटलं, मीच काढायला लावलं, ते काम खोटं आहे.

अप्पांनी मागे वळून पाहिलं. सर दारात पेटा सावरत फोटो काढून घेत होते.

“खोटं ठाऊक होतं तुला,” अप्पा म्हणाले, “मग माझा पेटा कशाला दिलीस गे त्याला?”

वर्षभर मला सरांची किळस येत होती. त्या दिवशी घरी जाताना ती माझ्या हातांची आली.