ताल कोणी दिला

आमच्या गावाचं नाव मी सांगणार नाही. पारोळ्यापासून जवळ आहे, एवढं पुरे. नाव घेतलं तर उद्या चार जण दाराशी येतील, आणि त्यातले दोन माझ्याच घरातले असतील.

गोष्ट वनाआबांची आहे. साठी उलटलेला, अंगाने काडी, डफ गळ्यात अडकवला की डफच चालत येतोय असं वाटावं असा माणूस. गावातली शेंबडी पोरंसुद्धा त्यांना नुसतं 'वना' म्हणतात. मी आबा म्हणते, आणि त्यावरून सासरी आल्यापासून टोमणे खाते. खंडेरावाच्या यात्रेत डफ वाजवायचा मान त्यांच्या घराला आहे, पणजोबापासूनचा. मान म्हणजे काय, तर देवापुढचा एक नारळ, एक टॉवेल-टोपी आणि शिधा. बाकी वर्षभर त्यांनी आमच्या ओट्याच्या खाली उभं राहून बोलायचं. पण आबांना त्या मानाचं फार होतं. दुसरं होतं तरी काय त्यांच्याकडे?

यात्रेत पहिल्या दिवशी बारागाड्या ओढतात आणि दुसऱ्या दिवशी दुपारून कुस्त्यांची दंगल. आखाडा आमच्या घरामागच्या पडीक रानात. दंगलीला बायकांनी जायची रीत नाही, पण स्वतःच्या गच्चीवर चढायला कोणाची बंदी नाही. म्हणून लग्न झालं त्या वर्षापासून मी सगळ्या कुस्त्या वरून पाहिल्या आहेत. वरून माणसं छोटी दिसतात, आणि काही वेळा खरी दिसतात.

डफाशिवाय कुस्ती म्हणजे मिठाशिवाय वरण. वाजवणारा लोकांकडे बघत नाही, पैलवानांच्या पायांकडे बघतो. पाय चाचपत फिरत असले की ठोका संथ, झटापट झाली की काड्या नुसत्या उडतात. वनाआबांचं वाजवणं असं, की आंधळ्या माणसालाही कळावं कोण खाली आहे आणि कोण वर.

माझ्या पहिल्याच यात्रेत शेवटची कुस्ती लागली ती माझ्या नवऱ्याची. भूपेंद्र म्हणजे गावाचा अभिमान, आणि माझे सासरे रुपचंद नाना यात्रा कमिटीचे अध्यक्ष. समोर होता तौफिक, जळगावच्या मेहरूणचा. त्याचा बाप हारुन गाद्या भरायचा. पोरगं सतरा वर्षांचं असेल, ओठांवर नुकती लव आलेली, आणि त्याने माझ्या नवऱ्याला असा खाली दाबला होता की मी, नवी नवरी, पदरात तोंड घालून हसत होते.

तेवढ्यात कडुनिंबाखालच्या घोळक्यातून तो शब्द आला. त्याच्या धर्मावरून असलेली शिवी. मी ती लिहिणार नाही, तुम्हाला माहीत आहे. तिच्यापुढे 'परत जा'. परत जा म्हणजे कुठे? मेहरूणला? एसटीने दीड तासाचा रस्ता. पण असं विचारणारं तिथे कोणी नव्हतं. आधी चार जण ओरडले, मग वीस. कोणी आधी, कोणी नंतर, नुसता कालवा. आणि मग तो कालवा एकदम एकसारखा झाला. सगळं रान एका तोंडाने तो शब्द म्हणू लागलं, आणि गच्चीच्या कठड्यावर ठेवलेल्या माझ्या हाताला तो खालून जाणवू लागला.

पैलवानाने वर बघायचं नसतं. तौफिकने वर बघितलं. तेवढ्यात भूपेंद्रने त्याला उचलून आपटला. खांदा निखळला त्याचा. गावाने नवऱ्याला डोक्यावर घेतलं, फेटा बांधला. तो फेटा आमच्या बैठकीत काचेच्या चौकटीत आहे. त्याच्यावरची धूळ मीच पुसते.

लोक मिरवणुकीच्या नादात होते तेव्हा तौफिक हात पोटाशी धरून बाहेर निघाला. वनाआबांपाशी थांबला. रागाने नाही, म्हणे, अगदी घरच्याशी बोलावं तसं बोलला.

"शिव्या तर सगळीकडेच मिळतात, काका. आज तुम्ही ताल दिला."

हे मला आबांच्या बायकोने, भिकुबाईने सांगितलं. आम्ही दोघी कापूस वेचायला बरोबर असायचो, आणि कापसात बायकांच्या पोटातलं सगळं बाहेर येतं. ती म्हणाली, त्यांनी मुद्दाम केलं नव्हतं. नजर पायांवरून हलली, कान लोकांकडे गेला, आणि काड्या त्या शब्दामागे धावल्या. सवयीचे हात. पण पोरगं खरं बोललं होतं. ठोका मिळाला नसता तर तो नुसता कालवाच राहिला असता.

तेव्हापासून आबांचा डफ बिघडला. म्हणजे डफ तसाच होता, ऐकणारा बिघडला. वाजवण्याआधी तुराट्या, म्हणजे तुरीच्या वाळक्या काटक्या, पेटवून कातडं शेकावं लागतं. ते तापून ताणलं गेलं की आबा बोटाने टिचकी मारून बघायचे, आणि त्या टिचकीत त्यांना तो शब्द ऐकू यायचा. त्यांनी कातडं बदललं. नव्या कातड्यातही तो होताच. कोणाच्या लग्नात वाजवताना वऱ्हाड नाचत असायचं, आणि आबा मधेच थांबून मागे वळून बघायचे, कोण बोललं म्हणून. घरी डफ भिंतीकडे तोंड करून टांगायचे आणि वर धोतराचं फडकं. भिकुबाईने डफ भगताकडे नेला. भगताने त्यावर लिंबू कापलं आणि कोंबडं खाल्लं. शब्द गेला नाही. कोंबडं तेवढं गेलं.

मग आबांनी एक युक्ती काढली. आसपासच्या यात्रांमध्ये त्यांना बोलावणं असायचं. कुठे एखाद्या पोराला जातीवरून, धर्मावरून, पावरा-भिल्ल म्हणून शिव्या सुरू झाल्या, की आबा डफ थांबवायचे. कातडं सैल पडलं म्हणायचे आणि तुराट्या पेटवायला बसायचे. डफ थांबला की पंच कुस्ती सोडवतात. लोक चरफडायचे, बिड्या काढायचे, तोवर तोंडातला शब्द थंड व्हायचा. सगळ्यांना वाटायचं म्हाताऱ्याचा डफ खराब आहे. फक्त आपल्या गावात त्यांना ते करावं लागलं नाही, कारण त्या वर्षानंतर आपल्या गावात मेहरूणचं कोणी आलंच नाही.

यंदा होळीनंतर आबा एकटेच एसटीत बसून मेहरूणला गेले. हारुनच्या गादीच्या दुकानामागे तौफिकने तालीम काढली आहे. खांदा पुन्हा धड झाला नाही, म्हणून स्वतः लढत नाही, पोरं घडवतो. त्याने आबांना ओळखलं, चहा पाजला, बहिणीचा मुलगा हसीब दाखवला. सतरा वर्षांचा, मामाच्याच बांध्याचा. आबा म्हणाले, याला आमच्या यात्रेला आण. तौफिक म्हणाला, ज्या गावांत पोरांना शिव्या बसतात तिथे मी पोरं नेत नाही, आणि त्यात तुमचं गाव पहिलं. लोक शिव्या देणार नाहीत याची हमी देता का? आबा म्हणाले, लोकांची हमी मी कुठून देऊ? माझ्या हातांची देतो. जो शब्द त्या आखाड्यात माझ्या डफात शिरला, तो तिथेच निघेल. नाहीतर मी मरताना तोच ऐकत मरेन.

तौफिकने पोराकडे बघून विचारलं, आणि हसीबच हो म्हणाला.

ही बातमी नानांना लागायला किती वेळ लागणार? दंगलीच्या आदल्या संध्याकाळी त्यांनी आबांना बोलावलं. मी आतून चहा आणत होते. आबा ओट्याखाली उभे, नाना खुर्चीत. आबांची तुराट्यांची युक्ती नानांना पुरती ठाऊक होती. नाना कधी आवाज चढवत नाहीत, त्यांना कधी गरजच पडली नाही.

"वना, उद्या डफ मधमां बंद पडना, तं पुढला सालपासून डीजे."

आबांनी मान हलवली. पणजोबापासूनचा मान एका वाक्यात जाणार होता. मी कपबशी खाली ठेवली ती जरा आपटूनच ठेवली. नानांनी माझ्याकडे बघितलं, मी आत गेले. माझी बहादुरी एवढीच.

दुसऱ्या दिवशी हसीबची कुस्ती शेवटची होती, आमच्या भावकीतल्या एका पोराशी. तोही तेवढ्याच वयाचा. भूपेंद्र पंच म्हणून आखाड्यात उभा होता, आता पोट सुटलेला. तौफिक कडेला उकिडवा बसलेला. आबा वाजवत होते आणि त्यांची नजर पोरांच्या पायांवरून हलत नव्हती. गच्चीवर माझ्या शेजारी भिकुबाई होती, तिला मीच वर बोलावलं होतं. ती तोंडात पदर धरून बसली होती.

हसीबने आमच्या पोराला खाली घेतलं, आणि कडुनिंबाखालून तो शब्द आला.

इतक्या वर्षांनी, तोच. ओरडणारी पोरं बहुतेक त्या वर्षी जन्मलीही नव्हती, किंवा बापाच्या कडेवर असतील. आबांच्या काड्या जागीच थांबल्या. ते तुराट्यांकडे गेले नाहीत, सैल कातड्याचं निमित्त केलं नाही. सगळ्यांना दिसेल असे दोन्ही हात खाली सोडून उभे राहिले. डफ थांबला म्हणून भूपेंद्रने कुस्ती सोडवायला हात वर केला, पण नानांनी कमिटीच्या खुर्चीवरून नुसती मान हलवली आणि त्याने हात खाली घेतला. तरीही कालवा विस्कटला, काहींचे आवाज अर्ध्यावर राहिले. भिकुबाईने माझा हात धरला. वाटलं, जमलं.

मग टाळी सुरू झाली.

कोणी केली माहीत नाही. एकाने केली, दहांनी उचलली, आणि बघता बघता सगळं रान टाळ्यांवर तो शब्द म्हणू लागलं. ताल तोच होता, आबांनी त्या वर्षी दिलेला. ज्यांच्या तोंडात शब्द नव्हता तेसुद्धा टाळी देत होते. बापांच्या खांद्यांवर बसलेली लेकरं टाळी देत होती. माझ्या हाताखाली कठडा तसाच थरथरू लागला. मला भीती वाटली, खरीखुरी, आपल्याच माणसांची. आबा मागे वळून बघत होते, या बाजूला, त्या बाजूला. आजवर तो शब्द एकट्या त्यांच्या कानात होता. आता त्याला त्यांचीही गरज राहिली नव्हती, डफाचीही नाही.

हसीबने अजून वर बघितलं नव्हतं. पण त्याची मान हलायला लागली होती. ते वरूनही दिसत होतं.

आबांनी डफ छातीशी घेतला आणि एक ठोका मारला. मग चार पावलं टाकायला लागतात एवढी उसंत. मग दोन ठोके. पुन्हा तेवढीच उसंत.

तो ताल आमच्याकडे कोणाला शिकवावा लागत नाही. तिरडी उचलली की तो वाजतो. लेकराला रांगायच्या आधी तो कळतो, कारण आई त्याला उचलून दारातून आत घेते. यात्रेच्या दिवशी, देवाच्या दारात, मयतीचा डफ! भिकुबाईच्या तोंडून 'अग माय' एवढंच निघालं.

टाळ्या एका झटक्यात तुटल्या. आणि बसलेली माणसं उठायला लागली. कोणी सांगितलं नव्हतं. मयत जाताना बसून राहायचं नाही, एवढंच अंगाला ठाऊक. आधी म्हातारे उठले, मग सगळं रान उभं राहिलं. सगळ्यात आधी डोक्यावरचा फेटा उतरवला तो भूपेंद्रने. मग टोप्या उतरल्या, रुमाल उतरले. त्या शब्दावर नुकती टाळी दिलेले हात आता समोर बांधलेले होते, आणि मधे मातीत दोन पोरं एकमेकांना धरून थांबली होती. आमच्या पोराने आधी पकड सोडली. त्याचा चेहरा पांढरा पडला होता. त्याने हसीबलाच विचारलं.

"कोन मरनं?"

हसीबला काय माहीत? त्याने पोराच्या खांद्यावरचा हात तसाच ठेवला आणि मामाकडे बघितलं. तौफिक उभा होता, डोकं उघडं, बाकी सगळ्यांसारखा. कुस्ती बरोबरीत सुटली असं भूपेंद्रने सांगितलं, पण कोणी ऐकलं नसावं.

नाना चालत आबांपर्यंत गेले. लोक बाजूला झाले. इतकी शांतता होती की गच्चीवर शब्दन् शब्द आला.

"कोन मरनं, वना? जत्रामां मयतना डफ?"

आबांनी डफ गळ्यातून काढला. नानांकडे बघून बोलले, खाली नाही, सरळ तोंडाकडे बघून. मी त्यांना तसं बघताना कधी पाहिलं नव्हतं.

"माले माहीत नई, नाना. पन इतला मानसं जमेल शेतस, कोनीतरी मरेल व्हई."

इतकी माणसं जमली आहेत म्हणजे कोणीतरी मेलं असणार, एवढंच म्हणून त्यांनी डफ नानांच्या पायाशी ठेवला आणि निघाले. जाताना तौफिक त्यांच्यासमोर आला, त्या वर्षी आला होता तसाच. धड हाताने आबांचा दंड धरला आणि तिघे बसथांब्याकडे चालू लागले, तो, हसीब आणि आबा. भिकुबाई जिना उतरून त्यांच्यामागे धावली. मान गेला. पुढच्या वर्षी डीजे येईल, तसं ठरलंही.

शब्द डफातून निघाला का, हे मी नंतर, आबा गावात परतल्यावर, त्यांना विचारलं. ते म्हणाले, डफाचं सांगता येत नाही, डफ आता तुमच्या घरी आहे. खरंच होतं. तो आमच्या माजघरात पडून आहे, आणि त्याला हात लावायला कोणी तयार नाही. मीही नाही.

पण मला सांगायची ती त्याच दिवसाची दिवेलागण. मी गच्चीवरून खाली आले. गाव मुकं होतं. पाळणे थांबले, रेवड्यांची दुकानं आवरली. मी दिवा लावायला दारात आले तर भूपेंद्र उंबऱ्याबाहेर उभा होता. आत येईना. मी म्हटलं या की. त्याने मान हलवली. त्याच्यामागे नाना उभे होते. उघडं डोकं, आणि हातात कडुनिंबाची डहाळी, त्याच झाडाची. मयतीहून आल्यावर आमच्याकडे ज्याचं पान चावतात, ते कडुनिंब. नानांच्या तोंडात पान होतं.

"नूतन, पानी लई ये," ते म्हणाले. "बाहेरच."

मयतीहून आलेला माणूस अंगावर पाणी घेतल्याशिवाय घरात पाऊल ठेवत नाही. मी बादली भरली. शेजारच्या दाराबाहेरून पाण्याचा आवाज येत होता, त्याच्या पलीकडच्या दाराबाहेरूनही. सगळ्या गल्लीत पुरुष दारांबाहेर उभे राहून अंगावर पाणी ओतत होते, आणि कोणी कोणाला काही विचारत नव्हतं.

कोण गेलं, असं मीही विचारलं नाही. बादली उंबऱ्याबाहेर ठेवली, वर तांब्या ठेवला, आणि दोघं ओले होऊन आत येईपर्यंत दारात उभी राहिले.